घरच्यांची तयारी नव्हती

३ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी,

तुमचं पार्सल पोचलं. मी बरी आहे. गुडघा आहे तसाच आहे. नव्या चष्म्यातून डावीकडचं जरा वाकडं दिसतं, पण प्रुफं वाचायला तेही उपयोगी पडतं. तुमच्याकडे सगळे बरे असतील असं धरून चालते, कारण तुमच्या चिठ्ठीत तब्येतीबद्दल एक अक्षर नाही. 'वहिनी, एवढं नजरेखालून घाला, वीस तारखेला छापायला द्यायचंय.' संपलं. डॉक्टर माणसाने तब्येत विचारू नये, याची मला आता सवय झाली आहे.

गठ्ठा उघडला. एकतीस जणांची उत्तरं आणि वर शीर्षक, 'विकृताच्या कर्करोगातील उपशामक शुश्रूषा : आरोग्य व्यावसायिकांची मते'. तुमच्या विभागात टाइप करणाऱ्या मुलीने 'यकृताच्या'चं 'विकृताच्या' केलंय, तेही मुखपृष्ठावर, सगळ्यात मोठ्या अक्षरात. लाल शाईने दुरुस्त केलं. पण खरं सांगू? पहिली चार उत्तरं वाचली आणि वाटलं, पोरगी अगदीच चुकलेली नाही.

प्रस्तावना मी दोनदा वाचली. तुमच्या समाजसेविका बाई डॉक्टर, सिस्टर, आहारवाल्या, तंत्रज्ञ अशा सगळ्यांकडे टेप घेऊन गेल्या आणि विचारलं, यकृताचा कॅन्सर झालेल्या माणसाला, बरं होण्याची आशा असो वा नसो, त्रास कमी करणारी ही सेवा कधी द्यावी, तुम्ही पेशंटला तिकडे कधी पाठवता. नावं काढून प्रत्येकाला क्रमांक दिलाय. याचं पुस्तक होणार आणि ते नव्या डॉक्टरांना वाचायला देणार. कल्पना चांगली आहे. आता उत्तरं बघा.

क्रमांक तीन म्हणतात, 'तिकडे पाठवलं की पेशंटला वाटतं, आम्ही हात वर केले.' हात वर केलेले असतात तेव्हा काय वाटतं, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

क्रमांक पाच म्हणतात, 'पूर्वी दारावर उपशामक शुश्रूषा अशी पाटी होती. ते वाचून लोक घाबरायचे, म्हणून आम्ही पाठवत नव्हतो. मग पाटी बदलून वेदना व सहाय्य विभाग असं केलं.' बाईंनी विचारलंय, 'आता पाठवता?' उत्तर : 'नवीन नावाची सवय व्हायला वेळ लागेल.' हे मी मोठ्याने वाचलं. घरात कुणी नव्हतं तरी वाचलं.

क्रमांक सात सर्जन असावेत. 'मी माझा पेशंट शेवटपर्यंत सोडत नाही.' असे एक आम्हालाही भेटले होते. ऑपरेशन होणार नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा आम्हाला परत दिसला तो पार्किंगमध्ये.

क्रमांक नऊ : 'यकृत निकामी असताना मॉर्फिन देताच येत नाही.' अकरा : 'हे पेशंट जरा वेगळे असतात, दारू वगैरे. घरचेही कंटाळलेले असतात.' तुम्हाला आठवत असेल, तुमच्या दादांना दारूचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही. लहानपणच्या कुठल्यातरी सुईतून आलेली कावीळ वर्षानुवर्षं आत बसली होती, हे फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलेलं होतं. तरी नवीन डॉक्टर आला की पहिला प्रश्न तोच. सहाव्यांदा एकाने पेन उघडून विचारलं, "किती वर्षं घेत होता, काका?" दादा म्हणाले, "चाळीस." तो लिहायला लागला. "रोज?" "रोज. दोन कप सकाळी, एक दुपारी." त्याला कळायला वेळ लागला. शिकलेला होता ना.

सहा मिनिटांत एक पेशंट बघावा लागतो, असं तेरा जणांपैकी आठ जणांनी सांगितलंय. ते खरं असणार आणि त्याबद्दल मला वाईटही वाटतं. पण 'काय त्रास होतोय' हे विचारायला सहा मिनिटं लागत नाहीत हो. मी घड्याळ लावून बघितलं.

एके ठिकाणी 'रुग्णाला आशा द्यावी'च्या जागी 'रुग्णाला भाषा द्यावी' असं पडलंय. दुरुस्त केलं, पण हात अडला.

आता कामाची शंका. तुम्ही सगळे बोलताना 'आपण' म्हणता आणि टाइप करणाऱ्या मुलीने कुठे 'आपण' ठेवलंय, कुठे 'आम्ही' केलंय. ठेवायचं काय? दवाखान्यात मी 'आपण'च ऐकलंय. आपण पाणी काढून घेऊ, आपण नळी घालून बघू, आपण धीर सोडायचा नाही. सुई एकाच्या पोटात आणि 'आपण' मात्र चौघं उभे. मग गुण आला नाही की कर्ता बदलतो. 'पेशंटने प्रतिसाद दिला नाही.' 'घरच्यांनी उशीर केला.' बावीस वर्षं प्रुफं वाचतेय, पण इतक्या सफाईने कर्ता बदलणारी जमात दुसरी पाहिली नाही. काय छापायचं ते कळवा. तोवर मी पेन्सिलीने खुणा करून ठेवते.

तेरापर्यंत झालं. एका बैठकीला चार-पाच वाचते, त्याहून जास्त वाचवत नाही.

मुलांना आशीर्वाद.

तुमची
वहिनी

१० नोव्हेंबर

भाऊजी,

आज आशीर्वाद नाहीत, पुढच्या पत्रात बघू.

'आपण-आम्ही'च्या शंकेला तुमचं उत्तर आलं : 'जे नैसर्गिक वाटेल ते ठेवा.' बरं.

क्रमांक चौदा वाचला.

तुम्ही लोकांची नावं काढता, पण त्यांची बोलण्याची ढब तशीच ठेवता. दर दुसऱ्या वाक्याला 'म्हणजे बघा ना'. ज्या मुलाला मी सातवीपासून नोकरी लागेपर्यंत जेवायला वाढलं, त्याचं 'म्हणजे बघा ना' मी बंद दाराआडूनही ओळखेन. आणि पुढे तर तुम्ही दारच उघडून ठेवलंय. तुमचं वाक्य जसंच्या तसं उतरवते, एकही वेलांटी न हलवता.

'म्हणजे बघा ना, माझ्या अगदी जवळचा एक रुग्ण होता, पुस्तकबांधणीचा व्यवसाय. मी तिसऱ्या महिन्यातच विषय काढला होता. पण घरच्यांची तयारी नव्हती. पत्नी शिकलेली नव्हती, तिला समजावणं अवघड गेलं.'

हे पान तुम्ही त्याच पत्नीकडे तपासायला पाठवलंत. विसरलात, की गठ्ठा न बघताच दोरी बांधलीत? दोन्हींत वाईट काय, ते मला ठरवता येत नाही.

आधी 'शिकलेली'बद्दल. मी चौथी पास होऊन या घरात आले. जोडाक्षरं पक्की केली ती तुमच्या सातवीच्या पुस्तकावर. तुम्ही शेजारी बसून माझ्या चुका मोजायचात आणि हसायचात. दादा बांधणीतून वाया गेलेली पुस्तकं आणायचे. कुणाचा पहिला फर्मा नसायचा, कुणाची शेवटची सोळा पानं. गोष्टींच्या सुरुवाती मी स्वतःच रचल्या आणि शेवटही. पुढे छापखान्याच्या मालकांनी एकदा सहज एक पान हातात दिलं, मी सतरा चुका काढल्या, त्यांच्या एम.ए. झालेल्या माणसाने नऊ काढल्या होत्या. तुमचा स्वतःचा प्रबंध मी तपासला, भाऊजी. 'यकृत'ची किती वेळा दुरुस्ती केली, आठवतंय? तेव्हा मला समजावणं अवघड गेलं नव्हतं.

आता तिसऱ्या महिन्याबद्दल. 'विषय काढला' म्हणजे काय झालं, ते तुम्ही विसरला असाल म्हणून सांगते. जून महिना. दुसऱ्यांदा जांघेतून नळी घालून यकृतात औषध सोडलं, त्याचा चौथा दिवस. मी तुम्हाला लिफ्टपाशी गाठलं. तुमच्याबरोबर दोन शिकाऊ डॉक्टर होते, एकाच्या हातात तुमचा डबा.

मी म्हटलं, "भाऊजी, खरं सांगा, पुढे काय?"

"वहिनी, आपण बघू ना."

"काय बघू?"

"म्हणजे बघा ना, आपण अजून एकदा नळी घालू. मग आपण ठरवू. बाकीचे पण पर्याय असतात, पण एवढ्यात नको."

"बाकीचे म्हणजे कसले?"

लिफ्ट आली. तुम्ही आत गेलात आणि बोट वर करून म्हणालात, "जेवलात का तुम्ही?" दार बंद झालं.

हा तुमचा विषय. काढला आणि लिफ्टमध्ये घालून वर नेला.

त्यानंतर ऑगस्ट, सप्टेंबर. पोटात पाणी भरायचं, तुम्ही काढायचात, दहा दिवसांत परत भरायचं. पण दादांना सगळ्यात जास्त छळलं ते त्याने नाही. खाज. कावीळ अंगात उतरली आणि खाज सुटली, तळपायापासून टाळूपर्यंत. कागदाला घडी घालायची त्यांची हाडाची पट्टी होती ना, गुळगुळीत झालेली, ती घेऊन ते पाठ खाजवत बसायचे. चाळीस वर्षं जिने कागदाला ओरखडा येऊ दिला नाही, तिने कातडं सोललं. मी राउंडला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. एक म्हणाले, "होतं तसं." एक म्हणाले, "कावीळ उतरली की जाईल." तिसरे मशीनवरच्या फोटोत गाठ किती मिलिमीटर कमी झाली ते सांगून गेले. गाठ कमी होत होती हो. माणूसही कमी होत होता, ते मोजायची पट्टी तुमच्याकडे नव्हती.

मी उशाशी बसून वाचायचे. तुम्हाला आठवत असेल, जाडजूड कादंबरी, त्यांनीच नव्याने बांधलेली. दिवसभर दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

आणि दोन मजले खाली ती खोली. वेदना व सहाय्य विभाग. मी पाट्या वाचणारी बाई आहे. रोज जिना उतरताना ती वाचायचे. शेजारी काठ्या, कमरेचे पट्टे, वॉकर विकणारं दुकान. मला वाटलं, सहाय्य म्हणजे तेच, कुबड्या. मला काय माहीत त्या दारामागे काय आहे? तुम्ही नाव बदललंत ते लोकांना कळू नये म्हणून, आणि आम्हाला कळलं नाही. तुमच्या क्रमांक पाचना सांगा, काम फत्ते झालं.

ऑक्टोबरात तुम्ही परिषदेला गेलात. दुसऱ्या दिवशी सकाळी लांब वेणीच्या सिस्टर व्हीलचेअर घेऊन आल्या. म्हणाल्या, "काकू, चला. साहेब नाहीयेत, मी नेते." दादांना उचलून बसवलं आणि खाली नेलं.

आत एक डॉक्टरीणबाई. पायांत कापडी बूट, टेबलावर अर्धं खाल्लेलं केळं. त्या खुर्ची ओढून दादांच्या गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्या जवळ बसल्या. फाइल उघडली नाही.

"काका, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?"

दादांनी माझ्याकडे बघितलं. सात महिन्यांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं, म्हणून उत्तर तयार नव्हतं. मग म्हणाले, "खाज."

"दुखण्यापेक्षा?"

"दुखणं एका जागी बसतं. ही फिरते."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पाण्यात कालवून घ्यायची एक पावडर दिली, ती कधी घ्यायची हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, नखं स्वतः कापली आणि दुखण्यावर मॉर्फिनचे थेंब लिहिले. मी घाबरून म्हटलं, "यकृत खराब असताना चालत नाही म्हणतात." त्या म्हणाल्या, "खराब आहे म्हणून थोडं द्यायचं आणि जास्त अंतराने द्यायचं. द्यायचंच नाही, असं कुठे लिहिलंय?" तुमच्या क्रमांक नऊंना विचारा, कुठे लिहिलंय.

तिसऱ्या दिवशी दुपारी दादा चार तास सलग झोपले. उठले, हात बघितले, पट्टी उशाखाली ठेवून दिली. मला म्हणाले, "ही बाई आधी कुठे होती?"

मी म्हटलं, "दोन मजले खाली."

नऊ दिवस. सात महिन्यांपैकी नऊ दिवस माणसासारखे. त्या नऊ दिवसांत त्यांनी बांधणीतल्या माणसांना बोलावून कुठला गोंद कुठल्या कागदाला ते सांगितलं, माझ्या हातून केस कापून घेतले आणि तुम्ही परत आलात तेव्हा तुमच्याशी सुईदोऱ्याबद्दल बोलले. तुम्ही गाठ किती झाली ते सांगत होतात.

आता मला एकच सांगा. ते वाक्य तुम्ही छापणार? नवीन पोरं ते वाचणार. दहा वर्षांनी कुणी लिफ्टपाशी अडवलं की त्यांना उत्तर तयार मिळणार, घरच्यांची तयारी नव्हती. गुळगुळीत वाक्य आहे, कुठेही बसतं. कर्ता आपोआप बदलतो.

तुमचं उत्तर येईपर्यंत गठ्ठा माझ्याकडे राहील. उरलेली सतरा पानं वाचीन, कारण घेतलेलं काम मी अर्धवट टाकत नाही.

वहिनी

१८ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी,

तुमची चिठ्ठी मिळाली. 'वहिनी, माझं चुकलं. चौदा क्रमांकाचं पान काढून टाका. तीस उत्तरंही पुरतील.'

पण पहिला विचार हाच आला की यांच्याकडे काढून टाकणं किती सोपं. अडचणीचा पेशंट असो की अडचणीचं पान. शिवाय एकतीसचे तीस केले की प्रस्तावनेतला आकडा बदला, तक्ते बदला, चौदानंतरचे सगळे क्रमांक बदला. तुमची ती पोरगी त्यात यकृताचं आणखी काय करील, देव जाणे. पान काढायचं नाही.

आज मला रागाने लिहायचं नाहीये. म्हणजे राग आहेच, तो काही आठवड्यात उतरणार नाही. पण गेल्या पत्रात मी एक खोटं लिहिलंय आणि प्रुफं वाचणारीने आपलं स्वतःचं पान न तपासता पाठवू नये.

क्रमांक एकोणीस वाचला, त्यानंतरची गोष्ट. लांब वेणीच्या सिस्टरच त्या, दुसऱ्या कुणी नाहीत. 'डॉक्टर पाठवत नाहीत म्हणून मी घरच्यांच्या हातात चिठ्ठी देते. डॉक्टरांना कळलं तर ओरडतील. काही जातात, काही नाही जात. एक काकू होत्या, सारख्या पुस्तक वाचत बसायच्या. त्यांना ऑगस्टमध्येच दिली. त्यांनी वाचली, मला थँक्यू म्हणाल्या आणि पुस्तकात खूण म्हणून घालून ठेवली. वाचणाऱ्या बाई, मला वाटलं लगेच जातील. सात आठवडे वाट बघितली. मग मीच खुर्ची घेऊन गेले.'

तर हे असं आहे. कुबड्यांचं दुकान वगैरे मला जूनमध्ये वाटत होतं. ऑगस्टमध्ये मला माहीत होतं. चिठ्ठीवर लिहिलं होतं : 'वेदना व सहाय्य विभाग. कॅन्सरच्या माणसाचा त्रास कमी करतात. उपचार चालू असले तरी चालतं. आत्ताच जा, शेवटी नको.' एकही चूक नव्हती. दुपारी वाचनालयात जाऊन मी त्यावरचं एक पुस्तकही काढून वाचलं. त्यात खाजेवर अख्खं पान होतं. पावडरीचं नावसुद्धा होतं.

आणि मी गेले नाही.

का ते मला सांगता येईल असं वाटलं होतं. तीन कागद फाडले. तिथे गेलो तर तुम्ही लोक वर आमचं नाव खोडाल, नळी घालणार नाही, पाणी काढणार नाही, अशी भीती होती. ते एक. दुसरं म्हणजे मी वाट बघत होते तुमची. तुम्ही म्हणालात तर जायचं. डॉक्टर तुम्ही, भाऊ तुम्ही, तोंडातून तुमच्या निघू दे. आता तुमचं पान वाचून वाटतं, तुम्हीही लिफ्टमधून वाट बघत होतात, वहिनी परत विचारतील म्हणून. दोघं एकमेकांची वाट बघत राहिलो आणि मधे तो माणूस पाठ खाजवत बसला होता.

पण खरं सांगायचं ते अजून राहिलंय.

चिठ्ठी मी एकशे बारा पानावर ठेवली होती. दोन दिवसांनी पुस्तक उघडलं तर एकशे चाळीसवर. म्हटलं, घसरली असेल. परत एकशे बारावर ठेवली. आठवड्याने बघते तर दोनशेच्या पुढे. म्हटलं, यांनी पुस्तक हातात घेतलं असेल, हात थरथरतात, पडली असेल, कुठेतरी खोचली असेल. परत माझ्या पानावर. असं चार-पाच वेळा झालं. प्रत्येक वेळी ती पुढे असायची, मागे कधीच नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती शेवटच्या पानात मिळाली. शेवटच्या ओळीखाली, कडेला कड लावून, सरळ.

चाळीस वर्षं बांधणी केलेला माणूस, भाऊजी. कुणी पानाचा कोपरा दुमडला तर त्यांना दिवसभर चैन पडायचं नाही. त्यांच्या हातून खूण घसरते?

त्यांनी चिठ्ठी वाचली होती. पहिल्याच दिवशी. मी कधी बोलते ते बघत होते. तोंडाने विचारलं असतं तर मला उत्तर द्यावं लागलं असतं, म्हणून विचारलं नाही. खूण तेवढी पुढे सरकवत राहिले. बघ, संपत आलं. आणि मी, सतरा चुका काढणारी, खूण उचलून मागे ठेवत राहिले.

'ही बाई आधी कुठे होती?' असं त्यांनी विचारलं, ते मी तुम्हाला लिहिलं. विचारताना ते माझ्याकडे कसे बघत होते, ते लिहिलं नाही. रागाने नाही. लहान मुलाचा खोटेपणा पकडला आणि सोडून दिला की माणूस बघतो ना, तसं. मी म्हटलं 'दोन मजले खाली', तर माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "असू दे." एवढंच. ते 'असू दे' मी वर्षभर सोबत घेऊन हिंडतेय. माफ केलं असं धरलं की छातीत दुखतं, नाही केलं असं धरलं तरी दुखतं.

आता तुमचं वाक्य.

'घरच्यांची तयारी नव्हती.' वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे. पण दादा घरचेच होते आणि त्यांची तयारी होती. तुमच्या-माझ्याआधी, सात आठवडे आधी. तेव्हा 'घरच्यांची' हा शब्द चुकीचा आहे. 'डॉक्टरांची' लिहावं असं मला दहा तारखेला वाटत होतं, शाईसुद्धा उघडली होती. तसं लिहिलं असतं तर मी तुमच्याहून वेगळी काय झाले असते? मीही कर्ताच बदलला असता.

म्हणून मी 'घरच्यांची' वर काट मारली आहे, शब्द भरायची हंसपदाची खूण केलीय आणि समासात तुमच्याच बोलण्यातला शब्द घातलाय. आता वाक्य असं आहे : 'मी तिसऱ्या महिन्यातच विषय काढला होता. पण आपली तयारी नव्हती.' 'काढला होता'च्या खाली मी प्रश्नचिन्ह ठेवलंय. लिफ्ट आठवून ते तुम्हीच सोडवा, आणि सोडवल्यावर पेनाने लिहा, पेन्सिलीने नको.

'आम्ही' नाही, हे लक्षात ठेवा. 'आम्ही' म्हटलं तर मी बाहेर राहते. इतके दिवस मी त्या शब्दावर हसत होते, सुई एकाच्या पोटात आणि 'आपण' चौघं म्हणून. दुसरा शब्द शोधून बघितला. नाही सापडला.

'पत्नी शिकलेली नव्हती' हे वाक्य तसंच राहू द्या. आधी मी त्यावर काट मारली होती. नंतर काटेखाली ठिपके दिले, म्हणजे तुमच्या छापखान्यात कळेल की मजकूर कायम. मला वाचता येत होतं. शिकलेली नव्हते.

एक अट आहे. पुस्तक आलं की ज्या दिवशी तुम्ही ते नव्या पोरांपुढे ठेवाल, त्या दिवशी चौदावं पान तुम्ही स्वतः उभं राहून वाचायचं, आणि क्रमांक म्हणून नाही, भाऊ म्हणून. कुणी विचारलं, सर, मग कधी पाठवायचं, तर सहा मिनिटांतलं एक मिनिट घेऊन विचारायचं शिकवा, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय. एवढं वाक्य पाठ करायला डॉक्टर व्हावं लागत नाही. आणि तुमच्या विभागात कुणी लांब वेणीच्या सिस्टरवर चिठ्ठ्यांवरून ओरडला, तर माझ्याकडे पाठवा. मी अजून ओरडू शकते.

एकोणीस क्रमांकात चार चुका होत्या, त्या काढल्या. 'काकू'ला हात लावला नाही.

गठ्ठा आजच्याच टपालाने निघेल, तुमची वीस तारीख चुकणार नाही. सोबत हाडाची पट्टी पाठवतेय. धुऊन पुसून ठेवली आहे. तुमच्या टेबलावर ठेवा. लिफ्टपाशी कुणी अडवलं आणि 'आपण बघू' तोंडाशी आलं, की त्या पट्टीची धार बोटाने चाचपून बघा, म्हणजे वाक्य पुरं करायची आठवण राहील.

चिठ्ठी मात्र देणार नाही. ती शेवटच्या पानात आहे. त्यांनी ठेवली होती तिथेच, आता मी ती मागे घेत नाही.

जेवत जा वेळेवर. मुलांना आशीर्वाद, आणि तुम्हालाही. गेल्या पत्रातले राहिले होते, ते धरून.

आपली,
वहिनी